चेर्नोबिलची कसली पारदर्शकता?

संपादक महोदय,

सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी चेर्नोबिल अणुदुर्घटनेची माहिती तातडीने जगापुढे ठेवली, हे आपल्या लेखकाचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. स्फोट २६ एप्रिल १९८६चा. दोन दिवसांनी स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग आढळला, तेव्हा कुठे मॉस्कोने त्रोटक निवेदन काढले. गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर आले थेट १४ मे रोजी. तेही पाश्चात्त्य माध्यमांवर तोंडसुख घेत.

घबराट टाळायची म्हणून माहिती रोखली म्हणे! मग १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यांवर लहान मुलांसह कामगार दिनाचे संचलन कशासाठी? अणुकेंद्रालगतच्या प्रिप्यात शहरातील रहिवाशांना तर तीन दिवसांपुरते सामान घ्या असे सांगून बसमध्ये बसवले. ऑगस्टमध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीत बरेच उघड झाले, हे मान्य. पण तिथे बोलले शास्त्रज्ञ लेगासॉव्ह, नेते नव्हेत.

कळावे,
एक वाचक, सातारा