विश्लेषण : ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा, उलटी गणती कुठून सुरू करायची?

ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांचे वर्ग सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि भारतातून केलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. एवढ्यावरून अनेक घरांत ‘ऑगस्टमध्ये अर्ज करू’ असे ठरते. या हिशेबात बँकेतले दिवस धरलेले नसतात.

पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. हे २८ दिवस संपल्याची तारीख अर्जाआधीच्या ३१ दिवसांतली हवी. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रुपया घसरला की पौंडांतली रक्कमही कमी भरते, म्हणून काठोकाठ पैसे ठेवू नयेत. शेअर, म्युच्युअल फंड मोजत नाहीत. ते विकून पैसे खात्यात आणावे लागतात. आई-वडिलांचे खाते चालते, सोबत जन्मदाखला आणि संमतीपत्र लागते. मामा-काकांचे चालत नाही. मामा मदत करणार असतील, तर त्यांचे पैसे आधी वडिलांच्या खात्यात येऊन २८ दिवस राहायला हवेत. जादा शुल्क भरून निर्णय पाच कामकाजाच्या दिवसांत मिळवता येतो, पण हे २८ दिवस कोणतेही शुल्क भरून कमी होत नाहीत.

बँकेचे शैक्षणिक कर्ज मंजूर असेल, तर मंजुरीपत्रावर भागते. ते सहा महिन्यांहून जुने नसावे.

अभ्यासक्रमाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, हे खरे. पण अर्जाला लागणारा ‘कॅस’ क्रमांक विद्यापीठ प्रवेशाच्या अटी पूर्ण झाल्यावरच देते आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी ती अट म्हणजे पदवीचा निकाल. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनलाइन मूल्यांकनामुळे रखडले, तेव्हा परदेशी जाणाऱ्यांचे काय हाल झाले ते सर्वांनी पाहिले. ही सवलत आपल्या मुलांसाठी बरीचशी कागदावरच राहते, याचा दोष लंडनपेक्षा आपल्या परीक्षा विभागांकडे अधिक जातो.

निकाल आपल्या हातात नाही, खाते आहे. म्हणून निकालाची वाट न पाहता जूनमध्येच पैसे जमा करावेत आणि हलवू नयेत. मुदत जास्त झाली तरी बिघडत नाही. अर्जावेळी ताजे स्टेटमेंट काढले की झाले. क्षयरोग तपासणीही याच काळात उरकावी, तिचे प्रमाणपत्र सहा महिने चालते.

‘महिनाभर खात्यात पैसे दाखवून देतो’ म्हणणारे एजंटही भेटतील. ब्रिटनचे अधिकारी थेट बँकेकडे चौकशी करू शकतात आणि फसवणूक ठरली तर १० वर्षांपर्यंत व्हिसाबंदी होते.