मोल कशावरून ठरतं?



अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलपटूंचे पगार त्यांच्या खेळाच्या तोलाचे असतात का, हा तिकडचा जुना वाद आहे. आपल्या अंकात बेसबॉल कशाला, असं काहीजणी म्हणतील. पण ज्या कामाचा चेंडूगणिक हिशेब ठेवतात, तिथेही मोल कामावरून ठरत नसेल, तर ते ठरतं कशावरून, हे मला पाहावंसं वाटलं.

1975 पर्यंत मालक खेळाडूचा करार दरवर्षी एकतर्फी वाढवीत असे. दुसऱ्या संघात आपणहून जायची सोय नव्हती. कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूने 1969 मध्ये परस्पर झालेली आपली बदली नाकारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि 1972 मध्ये हरला. युनियनने मात्र पिच्छा सोडला नाही. डिसेंबर 1975 मध्ये लवादाने दोन खेळाडूंना करारमुक्त ठरवलं. तेव्हा सरासरी वार्षिक पगार सुमारे 45 हजार डॉलर होता. 1980 मध्ये तो 1 लाख 40 हजारांच्या वर गेला. महागाई होती, पण एवढी नव्हे. आणि पाच वर्षांत कोणी तिप्पट जोराने चेंडू मारू लागलं नव्हतं!

अजूनही बहुतेक खेळाडू पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास असतात (2024 मध्ये तो 7 लाख 40 हजार डॉलर होता) आणि सहा वर्षं भरल्याखेरीज त्यांना मोकळेपणी संघ निवडता येत नाही. म्हणजे ऐन उमेदीत कमी, उतरणीला लागल्यावर जास्त. या लखपतींसाठी मी डोळे ओले करणार नाही. पण खालच्या फळीतल्या हजारो पोरांना 2018 मध्ये कायदा करून जादा तासांच्या मोबदल्यातून वगळलं गेलं. ही शिकाऊ मुलं आहेत, असं मालक म्हणत. हा युक्तिवाद आपल्या चांगला ओळखीचा! 2022 मध्ये ती संघटित झाली आणि 2023 च्या पहिल्याच करारात त्यांचा पगार दुपटीहून वाढला.

बायकांचीही व्यावसायिक लीग होती, 1943 ते 1954. काळ्या स्त्रियांना तिथे कधीच घेतलं नाही. सुरुवातीला आठवड्याला 45 ते 85 डॉलर मिळत. खेळ चोख हवाच, शिवाय ओठांना लिपस्टिक आणि अंगात आखूड स्कर्ट हवा. घसरत बेस गाठताना मांड्या सोलून निघत. ते सोलवटणं कामगिरीच्या कोणत्या रकान्यात मांडलं असेल?