बोरूची उपासना

मशिदींत मूर्ति नसते, चित्र नसतें. मग तेथें शिरणाऱ्याच्या दृष्टीस विसावा कोठें, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस पडत असेल. त्याचें उत्तर भिंतीवरच लिहिलेलें असतें. जेरुसलेम येथें खलिफा अब्द अल्-मलिक यानें बांधविलेली 'कुब्बतुस्सखरा' ही घुमटाची वास्तु हिजरी ७२, म्हणजे सन ६९१-९२ ची. तिच्या आंतील अष्टकोनी कमानींवर, दोन्ही अंगांनीं मिळून, सोनेरी काचखड्यांच्या अक्षरांची सुमारें २४० मीटर लांबीची पट्टी फिरविलेली आहे. इतकें लांब कशास जावें? विजापूरचा इब्राहिमरोजा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस खिडक्यांच्या वरच्या भागीं अक्षरांच्याच घडविलेल्या दगडी जाळ्या आठवतील.

मूर्तिनिषेधामुळें कलावंत नाइलाजानें अक्षरांकडे वळले, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. ईश्वराचा शब्द अरबी भाषेंत अवतरला अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. कुराणाच्या ६८ व्या अध्यायाचें नांवच 'कलम' आहे. शब्दच जेथें पूज्य, तेथें त्याचें लेखन ही सेवा ठरावी, यांत नवल कोणतें?

ही कलम म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या नित्य परिचयाचा बोरूच होय. कलम, दौत, शाई, कागद हे आपले शब्दहि फारशीच्या द्वारें आलेले आहेत. बोरूचें टोंक तिरकस छाटून कागदावर टेकलें कीं एक चौकोनी टिंब उमटतें. हें टिंब म्हणजे या कलेचा मापदंड. 'अलिफ' हें उभें अक्षर किती टिंबांचें, आणि त्या अलिफास व्यास धरून काढलेल्या वर्तुळांत इतर अक्षरें कशीं बसवावीं, याचे नियम दहाव्या शतकाच्या आरंभीं बगदादच्या इब्न मुक्ला यानें घालून दिले, असें परंपरा सांगते. हा पुरुष तीनदां वजिरीस चढला. राजकारणाच्या फेऱ्यांत सांपडून अखेर त्याचा उजवा हात तोडण्यांत आला, आणि सन ९४० मध्यें तो कैदेंतच वारला. तुटलेल्या हातास बोरू बांधून तो लिहीत असे, अशी आख्यायिका आहे. त्याच्या पश्चात् इब्न अल्-बव्वाब यानें बगदादेस सन १०००-०१ मध्यें लिहिलेलें कुराण आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे.

पुढें या विद्येचें माहेरघर इस्तंबूल झालें. तेथील सुलेमानिया मशिदींत तेलाच्या दिव्यांची काजळी एके ठिकाणीं जमावी अशी योजना होती; त्या काजळीची शाई होई. कागदास अंड्याचा पांढरा बलक व तुरटी यांचा लेप देऊन तो घोटीत. शिष्यानें गुरूचें वळण वर्षानुवर्षें गिरवावें, आणि 'इजाजत' मिळाल्यावांचून आपल्या लेखनाखालीं सही करूं नये, असा दंडक.

सन १९२८ च्या नोव्हेंबरांत तुर्कस्थाननें कायद्यानें अरबी लिपि टाकून रोमन अक्षरें घेतलीं. साक्षरता वाढावी हा हेतु होता, व त्यास नांवें ठेवण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. परंतु ज्यांनीं आपलें अवघें आयुष्य या वळणांत वेंचलें होतें, त्यांचा चरितार्थच गेला. हामिद आयताच (१८९१-१९८२) यांनीं लेबलें व भेटीचीं कार्डें छापण्याचीं कामें करून संसार चालविला. बोरू मात्र खालीं ठेविला नाहीं. १९४० नंतरच्या दशकांत इस्तंबूलच्या शिश्ली भागांत नवी मशीद उभी राहिली, तिच्यावरील लेख त्यांच्या हातचे आहेत. ज्या देशांत ती लिपि वाचणारी पिढीच संपत चालली होती, तेथें हे लेख लिहितांना त्यांच्या मनांत काय आलें असेल!

मायदेशीं ओसरलेल्या या विद्येस बाहेरून शिष्य लाभले. बगदादचे हाशिम मुहम्मद यांनीं हामिदांपासून इजाजत घेतली, आणि एक ओघ पुन्हां त्या जुन्या नगरीकडे वळला. इस्तंबूलांतच हसन चेलेबी हे मशिदीचे इमाम त्यांच्यापाशीं शिकले व पुढें स्वतः देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचे गुरु झाले. तुर्कस्थानच्या या लेखनकलेस युनेस्कोनें सन २०२१ मध्यें मानवजातीच्या वारशाच्या यादींत घेतलें. त्यापूर्वींच, सन २००१ मध्यें, चेलेबींचे अमेरिकन शिष्य मोहम्मद झकारिया यांनीं बोरूनें रेखलेल्या ईदच्या शुभेच्छा अमेरिकेच्या टपालतिकिटावर छापल्या जाऊन घरोघरच्या पाकिटांवर चिकटल्या होत्या.