रकान्यात काय काय लिहिले आहे?

तक्ता कसा आखावा हे तुम्हांला शाळेत शिकवतात. रकान्यांना मथळे द्या, एकके लिहा, रेघा सरळ मारा. पण त्या रकान्यात कोणकोणत्या नोंदी येतात आणि प्रत्येकीचा अर्थ काय, याची यादी तक्त्यासोबत ठेवायला कोणी सांगत नाही. माझ्या मते ती नसेल तर तक्ता अपुरा आहे.

मी पेणला राहतो आणि शिकवायला रोज रोह्याला जातो. गेल्या वर्षी तिथल्या एका शाळेची तीन मुले पावसाची जुनी वही घेऊन माझ्याकडे आली. शाळेच्या पर्जन्यमापकावर सकाळी साडेआठला घेतलेल्या, कित्येक मोसमांच्या नोंदी तीत होत्या. जोरदार पावसाचे दिवस पेणला जास्त की रोह्याला, हे त्यांना प्रदर्शनात दाखवायचे होते. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, की हवामान खाते तो ‘जोरदार’ वा त्यावरच्या वर्गात धरते. तेव्हा असे दिवस मोजले की काम झाले!

वहीत आकड्यांखेरीज कुठे आडवी रेघ होती, कुठे ‘थें.’, कुठे कोरी जागा. मुलांनी विचारले, “सर, रेघ म्हणजे काय धरायचे?” मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, “शून्य धरा.” माझे चुकलेच. वहीत शून्य वेगळे लिहिलेले होते. मग रेघ शून्य कशी असेल?

शेवटी आम्ही एक कोरा कागद घेतला. एका मोसमाच्या, म्हणजे जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांच्या रकान्यावरून बोट फिरवायचे, जी वेगळी खूण दिसेल ती एकदाच लिहायची, आणि ती किती वेळा आली त्याच्या ताळ्याच्या खुणा पुढे मारायच्या. ‘थें.’ नऊ वेळा, कोरी जागा चार वेळा, रेघ सतरा वेळा. त्यांतली एक मुलगी म्हणाली, “सतराच का?” तिने कॅलेंडर काढले. सतराही रेघा रविवारच्या होत्या!

रविवारी शाळा बंद, म्हणून मापक कोणी पाहत नसे. परंतु पाऊस सुट्टी घेत नाही. शनिवार सकाळपासूनचे पाणी मापकात साठत राही आणि सोमवारी एकदम मोजले जाई. म्हणजे सोमवारचा आकडा ४८ तासांचा. सोमवारी ९० मिलिमीटर लिहिले असेल, तर कदाचित रोज ४५ पडला असेल. तो ‘जोरदार’ दिवस खोटा. रेघेला शून्य धरले तर मोसमाची बेरीज बरोबर येते, पण जोरदार दिवस चुकतात. ते दिवस गाळले तर तीच बेरीज १२२ ऐवजी १०५ दिवसांत वाटली जाते आणि रोजची सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी फुगते. वही लिहिणाऱ्या सरांना हे सारे ठाऊक असणार. पण त्यांची बदली झाली आणि अर्थही त्यांच्याबरोबर गेला.

यादी वाचता येईल अशी हवी. पावसाचे सगळे आकडे उतरवून काढणे म्हणजे पुन्हा वहीच लिहिणे! तिथे सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि एकक पुरे. वेगळ्या खुणा मात्र एकूण एक, अर्थासकट. संगणक अशी यादी क्षणात काढून देतो, पण अर्थ त्याला माहीत नसतो. महिने वर्णानुक्रमे लावले की ऑगस्ट पहिला आणि जून जुलैच्याही नंतर! वाहनांच्या क्रमांकातला पेणच्या कार्यालयाचा ०६ त्याने संख्या मानला, तर नुसता ६ उरतो.

नावांतही हाच घोळ. आपल्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १ जानेवारी १९८१ रोजी बदलून रायगड झाले. जुन्या-नव्या नोंदी एकत्र केल्या तर एकाच जिल्ह्याचे दोन होतात. उलट, २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत आपला रायगड आणि छत्तीसगडमधला रायगढ यांचे स्पेलिंग एकच आहे. राज्याचा रकाना पाहिला नाही तर दोन जिल्ह्यांचा एक होतो. नोंदींची यादी केली की पहिला घोटाळा लगेच दिसतो. दुसरा दिसत नाही. तिथे अर्थ लिहायला बसावेच लागते.

शिक्षकांना माझे सांगणे आहे की प्रदर्शनात रंगीत आलेखाला गुण देण्याआधी ही यादी मागा. वेळ नाही म्हणाल, तर आम्हांला एका मोसमाला अर्धा तास लागला.

त्या मुलांनी सोमवारचे आकडे वेगळे काढून मोजणी पुन्हा केली आणि यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली. कोऱ्या जागांपुढे त्यांनी ‘कारण माहीत नाही’ असे लिहिले आहे. शाळेजवळ राहणारी ती मुलगी आता रविवारीही मापक पाहते. त्यामुळे रेघेच्या अर्थापुढे ‘अमुक तारखेपर्यंतच’ अशी आणखी एक ओळ घालावी लागली.