त्या तीस दिवसांत काय शिकलात?

घरात कोणी अठरा वर्षांचं झालं की गाडीचा विषय निघतोच. ऑनलाइन अर्ज भरला जातो, रस्त्यावरच्या चिन्हांची परीक्षा होते आणि शिकाऊ परवाना, म्हणजे लर्निंग लायसन्स, मिळतं. मग कोणीतरी मोठं माणूस सांगतं, "आता महिनाभर थांब, मग पक्कं लायसन्स काढू."

हे "थांब"च चुकीचं आहे. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, पण पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. कायद्याने हे दिवस वाट पाहण्यासाठी ठेवलेले नाहीत, शिकण्यासाठी ठेवले आहेत.

मी मात्र ते वाट पाहण्यातच घालवले होते. मोकळ्या मैदानावर बाबांच्या मोटरसायकलने आठाचा आकडा काढायचा सराव केला. चाचणीत पाय न टेकवता आठ काढला आणि पास झाले. पुढच्याच आठवड्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कारचं दार अचानक उघडलं. मी घाबरून पायाचा ब्रेक करकचून दाबला. मागचं चाक जागीच थांबलं, गाडी घसरली आणि मी रस्त्यावर आपटले. कोपर सोलपटलं. हेल्मेटवर, बरोबर डाव्या कानाजवळ, वीतभर लांब ओरखडा उमटला होता. हेल्मेट नसतं तर तो कुठे उमटला असता, हे वेगळं सांगायला नको.

चूक दार उघडणाऱ्याची होतीच. पण माझंही चुकलं होतं. "पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो" असं ऐकलेलं असल्यामुळे मी तो कधी वापरलाच नव्हता.

चार आठवड्यांचा अभ्यास

तुम्ही शिकत असाल किंवा घरात कोणाला शिकवत असाल, तर हे ३० दिवस असे वाटून घ्या.

पहिला आठवडा मैदानावर घालवा. क्लच हळूहळू सोडणं, अगदी कमी वेगात तोल सांभाळणं, वळणं घेणं आणि आठ काढणं, एवढंच करा.

दुसरा आठवडा फक्त ब्रेकसाठी ठेवा. ब्रेक लागतो तेव्हा गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. हँडल सरळ ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, दाब वाढवत दाबा. आधी २० च्या वेगात, मग ३० च्या. वाळू, खडी किंवा ओल्या रस्त्यावर हाच दाब हलका हवा.

तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या शांत रस्त्यावर या. वळण्याआधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून एक नजर, हा क्रम अंगवळणी पडू द्या. उभ्या गाड्यांपासून निदान दार उघडेल एवढं अंतर ठेवा.

चौथ्या आठवड्यात गर्दीत जा, पण एकट्याने नको. शिकाऊ परवान्यावर मोटरसायकलच्या मागे फक्त शिकवणारी, परवानाधारक व्यक्तीच बसू शकते. मित्राला डबलसीट नेता येत नाही. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगातलं "एल" अक्षरही हवं.

एका सेकंदात किती मीटर?

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. तुम्ही मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलंत, तर तुमची गाडी २२ मीटर कोणी न बघता चालली. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, सुमारे चौपट होतं. म्हणून पुढच्या वाहनापासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ते वाहन एखाद्या खांबाजवळून गेलं की मनात मोजायला लागा. तीन मोजायच्या आत तुम्ही खांबाशी पोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात.

बस आणि ट्रकजवळ आणखी एक खूण लक्षात ठेवा. त्यांच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. वळणाऱ्या बसच्या डाव्या बाजूच्या फटीत तर कधीच घुसू नका.

आईबाबांसाठी थोडंसं

"कोपऱ्यावरच्या दुकानात तर जायचंय" म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली देऊ नका. १६ वर्षांनंतरची सवलत फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीला आहे, आणि त्यासाठीही परवाना लागतोच. आपल्या घरातल्या ११० किंवा १२५ सीसी स्कूटरला ती लागू नाही. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही.

पण दंडापेक्षा मोठा आकडा दुसराच आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दर १०० पैकी सुमारे ४४ दुचाकीवर होती. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण त्या वर्षी गेले, आणि त्यांत मागे बसलेलेही होते. म्हणून घरात दोन हेल्मेट घ्या, दोन्ही आयएसआय चिन्हाची. पट्टा हनुवटीखाली नीट लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधीच निघून जातं. चार वर्षांखालच्या मुलासाठी त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा लागतो. मूल सोबत असताना वेग ४० च्या वर नेता येत नाही.

आणि तुम्ही वीस वर्षं गाडी चालवत असाल, तरी येत्या रविवारी एखाद्या रिकाम्या मैदानावर जा. दोन्ही ब्रेक एकत्र दाबून गाडी नेमकी किती अंतरात थांबते, ते एकदा पाहा. जमल्यास घरातल्या शिकणाऱ्यालाही सोबत न्या. दार अचानक उघडेल त्या दिवशी विचार करायला वेळ नसेल. हाताला आधीच जे माहीत असेल, तेच हात करतील.