अब्बांची फियाट आणि बत्तीस हिस्से

गेल्या महिन्यात लातूरला जुन्या फियाट बाळगणाऱ्यांचा छोटासा मेळावा होता. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत अब्बांची पद्मिनी घेऊन मीही गेलो. मैदानात अकरा गाड्या होत्या. बॉनेट उघडून जो तो आपल्या गाडीची कहाणी सांगत होता.

ही गाडी मूळची इटलीची. फियाटच्या परवान्यावर ती मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली. १९७४ पासून गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. नव्या गाड्या आल्या, हिचं उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता हौशी लोक अशी गाडी शोधत फिरतात.

तिथंच एका गृहस्थांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “एक लाख साठ हजार देतो.”

मी मनातल्या मनात पैसे मोजूही लागलो. परतीच्या वाटेवर अहमदपूरला चहाला थांबलो, तेव्हा आठवलं, ही गाडी माझी कुठंय? अब्बांच्या इंतकालनंतर बहिणी म्हणाल्या होत्या, “तूच ठेव, तुला हौस आहे.” पण तेव्हा आम्ही सगळेच तिला भंगार समजत होतो. किंमत माहीत नसताना सोडलेला हक्क सोडला असं कसं म्हणायचं?

घरी येऊन सूरह निसाप्रमाणे हिशेब मांडला. अब्बांवर कर्ज नव्हतं, वसियत नव्हती, दादा-दादी आधीच गेलेले. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे बत्तीस हिश्शांपैकी अम्मीचे चार, माझे चौदा, दोघी बहिणींचे सात-सात. रुपयांत अम्मीला वीस हजार, मला सत्तर, बहिणींना प्रत्येकी पस्तीस.

आपाला फोन केला. आकडे ऐकून ती थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, “गाडी विकू नकोस. अब्बा मला त्याच गाडीतून परीक्षेला सोडायचे. माझा हिस्सा मी तुला खुशीनं दिला.” आणि हळूच पुढं म्हणाली, “पण भाईजान, देगलूर नाक्याच्या प्लॉटचं काय?”

मला उत्तर सुचलं नाही. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. प्लॉटचे कागद माझ्या कपाटात आहेत आणि बहिणींनी कधी विचारलं नाही, म्हणून मीही कधी विषय काढला नाही. नमाज, रोजे सांभाळणारा मी, एवढी गोष्ट सहा वर्षं टाळत आलो.

गाडी विकली नाही. येत्या रविवारी दोघी बहिणींना जेवायला बोलावलंय. दस्तरखान उचलल्यावर कपाटातले कागद बाहेर काढायचे आहेत.