माळढोक आणि माकुडी

माळढोकाचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात विरळाच. शिंदळ माकुडी मात्र वनस्पतिशास्त्राचे चारदोन जण सोडले तर कुणाच्या गावीही नाही. वास्तविक ही अस्सल महाराष्ट्राची. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा गडांच्या कातळकपारींत ती वाढते. महाराष्ट्राबाहेर रानात कुठे उगवत नाही.

शास्त्रज्ञांनी दोघांना दिलेली वागणूकही पाहण्यासारखी आहे. माळढोक पूर्वी क्रौंचांच्या गणात मोडत असे, आता त्याच्या कुळाचा स्वतंत्र गण मानतात. म्हणजे बढतीच! माकुडीचे उलट झाले. १८६५ साली डाल्झेलने तिच्यासाठी 'फ्रेरिया' ही वेगळी प्रजाती केली. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. त्या प्रजातीत ही एकटीच. पुढे तिला 'कॅराल्युमा'त घातले. आज कोणी 'बाउसेरोशिया'त घालतात, कोणी 'सेरोपेजिया'त. एवढेच काय, तिचे रुईचे कूळसुद्धा कण्हेरीच्या कुळात विलीन झाले.

कायद्याचा न्यायही असाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात माळढोक पहिल्या परिशिष्टात बसला. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचे अभयारण्य झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात लोकांची शेते आली, गावे आली. साहजिकच पक्ष्याविषयी प्रेमाऐवजी राग वाढला आणि २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. आज देशभरात दीडशेही माळढोक उरलेले नाहीत. वनस्पतींना तर या कायद्यात जागाच १९९१ साली मिळाली, तीही मोजून सहा नोंदींची. माकुडी त्यांत नव्हती.

यावर आमचे शास्त्र शाखेचे मित्र म्हणतात, "माकुडीची काळजी कशाला? कांडी खोवली की कुंडीतही जगते." खरे आहे. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, शिवाय त्याला मोकळा माळ लागतो आणि वाटेतल्या विजेच्या तारा त्याला चटकन दिसत नाहीत. तेव्हा त्याचे दुखणे अधिक अवघड, हे मी नाकारत नाही. पण गच्चीवरच्या कुंडीत जगणे म्हणजे गडावर जगणे नव्हे. कुंडीतली रोपे बहुधा एकाच झाडाच्या कांड्यांपासून केलेली. कड्याकड्यावरचे निरनिराळे वाण त्यांत कुठून येणार?

माकुडीसाठी अभयारण्य मागण्याची माझी इच्छा नाही. नान्नजचा अनुभव पुरेसा आहे. पण आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गडांवर जातात, तटाच्या आणि कातळाच्या भेगांतले 'गवत' उपटून स्वच्छता करतात. त्याआधी पावसाळ्यात, ती पानाफुलांवर असताना, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा बरोबर यावे, झाडे दाखवावीत आणि मुलांनी ती मोजून वहीत मांडावीत. पुढच्या वर्षीच्या शिबिराआधी एवढे सहज होण्यासारखे आहे.